बस्त्यावमामांच्या अंगणातली पोथी

पोथी ऐकायला बसलेल्या माणसानं गप्प बसावं, एवढी साधी गोष्ट! आमच्याकडे ती कोणालाच जमली नाही, म्हणून तर एवढे किस्से साठले. एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून पुढे घुसतो.

आम्ही पेशव्यांच्या तोफखान्यातले ख्रिस्ती गोलंदाज. पाद्रीबुवा गोव्याहून यायचे ते कधीतरी, मनात आलं तर. एरवी दर रविवारी बस्त्यावमामा अंगणात पोथी वाचायचे, कारण अक्षरओळख असलेले तेवढेच एक. अर्थ लावायला मात्र सगळे तयार! कोतवालीतले कारकून तात्या तर ख्रिस्तीही नव्हते. ते अंगणात पाऊल टाकायचे नाहीत, पण कुंपणापलीकडे उभं राहून सगळं ऐकायचे आणि वर शेरे मारायचे.

एक गोष्ट मामा कधी वाचत नसत. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, ती. कारण आमच्या अंतोनकाकांचा लुईस बापाशी भांडून शिंद्यांच्या फौजेत पळाला होता. "दारात आला तर तंगडं मोडीन," असं काकांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं. त्याची आई इझाबेलकाकी बिचारी आशेनं बघत बसायची, आणि मामा ते पान उलटून पुढे जायचे. फार वाईट वाटायचं हो!

यरीहो नगराची गोष्ट निघाली तेव्हाची गंमत ऐका. लोक नगराभोवती फिरले, शिंगं फुंकली, एकदम आरोळी ठोकली आणि तट धडाधड कोसळला! आम्हा गोलंदाजांची तोंडं उतरली. अख्खा उन्हाळा एका गढीवर गोळे टाकून आम्ही नुकतेच परतलो होतो, आणि पडली होती ती फक्त न्हाणी! अंतोनकाका हळूच म्हणाले, "बस्त्याव, हे पान सरकारवाड्यापर्यंत जाऊ देऊ नकोस. उद्या आपल्याला घरी बसवून शिंगवाले ठेवतील!"

एकदा भाजीवाली सखूबाई टोपली उतरवून ऐकत बसली. मामा पेरणाऱ्याची गोष्ट वाचत होते: त्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. मामा अर्थ सांगणार, तोच ती कडाडली.

"असला कसला शेतकरी ह्यो? बी मुठीनं उधळतंय का कुनी? ओळीत पेराया पाभर न्हाई व्हय त्याच्याकडं?"

"अगं बाई, बी म्हणजे देवाचं वचन!"

"मंग तर आनखीच जपून पेराया पायजे!"

पुढे पाद्रीबुवा आले तेव्हा आम्ही त्यांना सखूबाईचा प्रश्न विचारला. डोळे मिटून बराच विचार करून ते म्हणाले, "पाभर म्हणजे काय?"

महापुरातून वाचायला नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, सगळी जनावरं चढली, तेव्हा इझाबेलकाकीनं विचारलं, "एवढ्यांचं शेण कोण काढत होतं?"

"पोथीत नाही," मामा म्हणाले.

"म्हणजे त्याच्या बायकोनंच काढलं! पुरुषांनी काढलं असतं तर चार पानं त्यावरच भरली असती!"

आणि ते काना नावाच्या गावातलं लग्न! पुण्यात दारूबंदी, आम्हा फिरंग्यांनाच काय ती सूट. येशूनं रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस, म्हणजे दारूच, केला, एवढं मामांनी वाचलं मात्र, तात्या खाकरले.

"रांजण किती म्हणालात?"

"सहा."

"परवाना होता?"

"अहो तात्या, देवाचा पुत्र तो!"

"असेल. वशिला आमच्याकडे चालत नाही."

आता शेवटचा. एका रविवारी मामांनी नेमकी तीच, घरी परतणाऱ्या मुलाची गोष्ट काढली. अंतोनकाका उठायला लागले, पण मामांनी वाचायला सुरुवातही केली. उधळा मुलगा फाटक्या अंगरख्यात घराकडे आला. बापानं त्याला लांबूनच पाहिलं.

"आणि बापानं आतून कडी घातली."

काका थबकले. "काय?"

"कडी घातली. वर कुत्रं सोडलं."

"बस्त्याव, खोटं वाचतोस!" काकांना अक्षर येत नव्हतं, पण गोष्टी आईच्या तोंडून पाठ होत्या. "देवाची पोथी आहे ती!"

"मग बापानं काय केलं?"

"धावला! मुलगा दूर होता तेव्हाच धावत गेला! गळ्यात पडला!"

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय! त्यातलं अक्षर इकडचं तिकडे करायचा तुला हक्क नाही!"

मामांनी पोथी मिटली. "मग ऊठ. लुईस तिकडे पिंपळाखाली उभा आहे, मघापासून."

इझाबेलकाकीनं तोंडाला पदर लावला. काकांनी पिंपळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून जोडे शोधायला लागले. एक सापडला. दुसरा काही केल्या सापडेना.

कुंपणापलीकडून तात्यांचा आवाज आला, "अहो गोलंदाज, बापानं आधी जोडे घातले, असं कुठल्या पानावर आहे?"

काकांनी हातातला जोडा तात्यांच्या दिशेनं भिरकावला आणि धावत सुटले.