शेजारच्या सीटवरचा आवाज

खिडकीशी बसलेल्या आईचे ओठ हलत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

आम्ही दोघी बसने कोल्हापूरहून लातूरला मावशीकडे निघालो होतो. आदल्या दिवशी मी प्रवासासाठी परवडतील असे इअरफोन घ्यायला गेले. दुकानदाराने आधी छोटा स्पीकर दाखवला, त्यावर दोघींना गाणी ऐकता आली असती. मी नको म्हटलं. मग त्याने इअरफोनची एक जोडी पुढे केली. "हे घ्या ताई. शेजारी कुणी कितीही बोललं तरी ऐकू येणार नाही."

मी लगेच पैसे दिले. शेजारी आईच बसणार होती, हे मला ठाऊक होतं.

आता ती बाहेर बोट दाखवून हसत काहीतरी सांगत होती. किती वेळ सांगत होती कोण जाणे. बाहेरचा गोंगाट नको म्हणताना आपण त्यात कुणाकुणाला धरतो, याचा मी विचारच केला नव्हता.

मी घाईने इअरफोन काढले. "काय म्हणालीस?"

"काही नाही गं. तू ऐक तुझी गाणी."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखं झालं. थोड्या वेळाने मीच विचारलं, "आई, तुझी ती शाळेतली मैत्रीण सायकलवरून ओढ्यात पडली होती, ते कसं झालं होतं?" मला ती गोष्ट पाठ होती.

आईने एकदा माझ्या कानांकडे पाहिलं आणि मगच सांगायला सुरुवात केली.