सुमनताईंनी कापलेली नळी

वर्ध्याहून परतताना, पवनारच्या जवळपास, बसमध्येच पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली..." चहा ठेवता ठेवता ताई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. महिना होत आला, तरी खालीच बसल्या हे काही मला खरं वाटत नाही. एका जागी बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

सुमनताई माझ्या थोरल्या जाऊबाई. गावाच्या पाणी समितीवर आल्या आणि त्यांचं जेवणही उभ्याउभ्याच होऊ लागलं. टाकी रोज भरायची, पण खालच्या मोहल्ल्यातल्या गोंड बायांचे नळ कोरडेच. स्मार्ट मीटर येणार म्हटल्यावर गाव बिथरलं. आता पाण्याचंही विजेसारखं बिल येणार, असं लोकांना वाटलं. ताई घरोघर फिरल्या. "बिलासाठी नाई जी, पाणी कुठं मुरून राह्यलं ते पाह्यासाठी." शेवटी घरोघरी मीटर बसले, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशीही एकेक बसला. गल्लीत किती पाणी शिरलं आणि घरांत किती पोचलं, हे मोबाइलवर दिसू लागलं. आमच्याच गल्लीत ते जुळेना.

गळती असेल म्हणून ताईंनी रस्ता खोदायला लावला. सापडली ती एक चोरटी नळी, थेट त्यांच्याच वाडीतल्या संत्र्यांकडे गेलेली. ती भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनीच जोडली होती. सगळी गल्ली बघत होती. भाऊजी हळूच म्हणाले, "सुमन, बुजवून टाक. घरातली गोष्ट आहे." ताईंचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, बुजवतील... मग त्यांनी प्लंबरची करवत मागून घेतली. "मंग त्या बायांले मी काय सांगू?" आणि नळी स्वतः कापली.

खालच्या मोहल्ल्यात पाणी पोचलं. भाऊजींनी मात्र बोलणं टाकलं. संत्री वाळली. "मी चुकली का वं?" ताई मला विचारायच्या आणि उत्तराआधीच उठून भांडी आवरायला लागायच्या, पुन्हा यायच्या, पुन्हा तेच... ही घालमेल शेवटपर्यंत थांबली नाही.

परवा त्यांच्या घरी गेले. ताईंचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. मी काही विचारणार तोच वाजला. शाळेजवळच्या लाइनीत पाणी जास्त वाहत असल्याचा मीटरचा मेसेज होता. भाऊजींनी चष्मा लावून तो वाचला, चपला पायात सरकवल्या.

"तिले येत राह्यतात असे," ते म्हणाले. "पाहून येतो."