फिट यावी म्हणून

शिंपीमास्तरांच्या बायकोला काही म्हणता काही कळेनासं झालं होतं. इतकी वर्षं नवऱ्याला फिट येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले, आणि आता दवाखान्यात बसून ती यावी म्हणून वाट बघायची! गोळ्या मुद्दाम कमी केलेल्या. मास्तरांच्या डोक्याला वायरी, समोर कॅमेरा, शेजारच्या खोलीत सुई तयार ठेवून बसलेली नर्स.

नर्सने नीट फोड करून सांगितलं होतं. "मेंदूत फिट जिथून सुरू होते तिथे रक्त जास्त धावतं. त्याच क्षणी औषध टोचलं, तर नंतरच्या फोटोत ती जागा दिसते. जागा कळली तरच ऑपरेशन. तुम्ही फक्त फिट सुरू होताना दिसली की बटण दाबायचं." आता हे काय, शेंबडं पोरही करील.

पण या बाईचा हात दुसऱ्याच कामाला सरावलेला. दुकानात मास्तरांची बोटं कापड चिवडायला लागली, नजर थिजली, की ही काजं टाकून उठणार, मास्तरांना आडोशाला नेणार, पडदा ओढणार आणि गिऱ्हाइकाला सांगणार, "मास्तर माप घेताहेत, बसा जरा." कुणाला म्हणून पत्ता लागू दिला नाही. पक्की बाई.

दुपारी वकीलसाहेब भेटायला आले, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. ते दारात उभे, आणि इकडे मास्तरांची बोटं चादर चिवडायला लागली. बाई ताडकन उठली, खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि मास्तरांपुढे आडवी उभी राहिली, नेमकी कॅमेऱ्यासमोर. "बाहेर थांबा जरा," ती वकिलांना म्हणाली, "कामात आहेत." बटण उशाशी तसंच पडून राहिलं.

नर्स आली, पण उशिरा. "आता टोचून काय उपयोग? सुरुवात कुठून झाली ते कळायचं नाही. पुन्हा आली तर बरं, नाहीतर गोळ्या सुरू करून घरी पाठवतील."

हे काय करून बसलो आपण, बाईला समजेना.

मास्तर हळूहळू भानावर आले. "आली होती ना? जमलं?"

"नाही. मी पडदा ओढला."

"सवयीनं ओढलास, की लाज वाटते माझी?"

"माहीत नाही हो," ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. तिला रडू फुटलं.

बाहेर वकीलसाहेब खाकरले. "झालं का काम? येऊ?"

बाई डोळे पुसत काहीतरी सांगणार, तेवढ्यात मास्तरांनीच हात लांबवून पडदा सारला.

"या, बसा," ते म्हणाले. "मला फिट येते, साहेब. तिचीच वाट बघतोय."