माऊसनं वळवलेला रस्ता

मी रस्ते काढतो. कागदावर नाही आणि जमिनीवर तर नाहीच नाही. हिंगोलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे, तिथं बसून मी कॉम्प्युटरवर शहरं उभी करतो. कुठल्या कुठल्या परदेशी शहरांचे नकाशे येतात. रस्त्याची रेघ ओढली की कडेला फुटपाथ, दिवे, झाडं आपोआप उगवतात. रेघेवर ठिपके असतात, ठिपक्याला दोन दांड्या. दांडी ओढली की रस्ता वाकतो आणि शेजारची घरं गुमान मागं सरकतात. वडील गावात सांगतात, पोरगा इंजिनिअर आहे. मी डिप्लोमावाला आहे, पण तो वाद मी कधीच सोडून दिलाय.

मग एकदा आमच्याच भागातलं काम आलं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं, आमच्या गावाला लागून जाणारा रस्ता रुंद आणि सरळ व्हायचा होता. रेघ कुठून जाणार ते वरच्या लोकांनी ठरवून पाठवलं होतं. आम्ही फक्त बैठकीत पडद्यावर दाखवायला देखणं चित्र करायचं. सॉफ्टवेअरमध्ये बाभळीचं झाड नव्हतं, म्हणून आमच्या शिवारात कुठलीतरी टोकदार परदेशी झाडं लागली आणि गोरेगावच्या बाजारात कोट घातलेली माणसं फिरायला लागली. मला हसू यायचं. हसता हसता मी गावात सगळ्यांना सांगून बसलो की आपला रस्ता मीच काढतोय. जीभ आवरली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

ती रेघ माझ्या थोरल्या चुलत्यांच्या शेताचा कोपरा कापून जात होती, आणि त्या कोपऱ्यात काकूची समाधी होती. आमच्याकडं बरेच जण आपल्या माणसाला आपल्याच शेतात अग्नी देतात आणि तिथं ओटा बांधतात. काकांनी तो स्वतः बांधला होता. थापी धरता येत नव्हती, त्यामुळं गिलाव्यावर त्यांची बोटं उमटलेली. संध्याकाळी घरी निघायच्या आधी ते तिथं टेकायचे आणि दिवसभराचं सांगायचे. बैल लंगडतोय, हळदीला पाणी कमी पडलं, असलंच काहीतरी.

माझी बढाई ऐकून काका जीपनं ऑफिसात आले. मी त्यांना खुर्ची दिली, पडद्यावर शिवार फिरवून दाखवलं, आणि कौतुकानं त्यांच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोनी ओटाही ठेवून दाखवला. रस्ता त्याच्या बरोब्बर पोटातून गेला. काकांनी पडद्यावर त्या ओट्याशी बोट टेकवलं.

"तेवढं एक वळण घे बाबा," ते म्हणाले. "ती कुणाच्या आड येणारी बाई नव्हती."

तेव्हाच सांगायला हवं होतं की काका, हे नुसतं चित्र आहे, माझ्या हातात काही नाही. मी दांडी धरली आणि ओढली. रस्ता पोट काढून ओट्याला वळसा घालून गेला. काकांचा चेहरा उजळला. आता बराबर झालं, म्हणाले. मी म्हटलं, झालं काका. का म्हटलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या कामाला काम समजणारं घरचं माणूस पहिल्यांदा माझ्या शेजारी बसलं होतं. ते जिना उतरले आणि मी ओटा पुसला, रस्ता होता तसा सरळ केला, कारण फाईल त्याच दिवशी पाठवायची होती.

पुढं ग्रामपंचायतीवर नोटीस लागली, ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी द्यावी म्हणून. काकांनी मास्तरांकडून अर्ज लिहूनही घेतला होता. तो त्यांच्या बंडीच्या खिशातच राहिला. आमच्या पोरानं वळवला रस्ता, आता अर्ज कशाला, असं ते पारावर सांगत होते. मुदत गेल्यावर वडिलांनी मला फोनवर हे सांगितलं. त्या मुदतीत मी दोनदा गावी गेलो होतो. दोन्ही वेळा काकांकडं जेवलो आणि रस्त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.

पुढच्या तांड्यावरच्या लोकांनी मात्र हरकत दिली. त्यांच्या देवीचा ओटा वाचला, तिथं रस्ता जरासा सरकला. म्हणजे अर्ज दिला की सरकत होता. हे कळल्यापासून मला माझाच राग येतो आणि तो कमी होत नाही.

मशीन यायच्या आदल्या दिवशी काकांनी ओट्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि विटा हातानं सोडवल्या. मी विटा वाहिल्या. त्या घरामागं रचून ठेवल्यात, अजून तशाच आहेत. काकांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा अविधवा नवमीला, नवऱ्यामागं राहिलेल्या नव्हे तर त्याच्या आधी गेलेल्या बायकांच्या त्या तिथीला, काका पुन्हा ऑफिसात आले. नैवेद्य कुठं ठेवावा ते सुचेना, सरळ रस्त्यावरच ठेवून आलो, म्हणाले. मग हळूच म्हणाले की तुझ्या त्या कॉम्प्युटरात ती जागा अजून असेल, तेवढी एकदा दाखव.

फाईल होती, पण सरळ रस्त्याची. ओटा नाही, वळण नाही. हे सांगायचं धाडस मला आताही झालं नाही. काकांना पाणी दिलं आणि ते पितायत तेवढ्यात उरकावं म्हणून पांढरा ओटा ठेवला, दांडी धरली, ओढली. रस्ता वाकला. झाडं बाजूला झाली.

मान वळवली तर काका पाणी पीत नव्हते. पडद्याकडंही त्यांचं लक्ष नव्हतं. ते माझ्या माऊसवरच्या हाताकडं बघत होते.

"एवढंच व्हतं?" ते म्हणाले. "एका हातानं वळला की रे. मग तवा खराखुरा काहून न्हाई वळवला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते उत्तराची वाट बघत बसून राहिले. शेवटच्या जीपची वेळ झाली, तेव्हा मीच त्यांना उठवलं.