‘दीपगृहावरचे दोघे’ आणि त्याचे वाचक

पुस्तक लिहिणाऱ्याकडे पुस्तकाचे किस्से फारसे नसतात. ते जमतात त्याच्या घरच्यांकडे, कारण लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. माझी बायको सुधा हिने भाषांतरित केलेल्या एका कादंबरीचे किस्से माझ्याकडे असेच साठले. मित्र जमले की फर्माईश होते, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

कादंबरी जुनी, परदेशी. एका ओसाड बेटावर दीपगृह सांभाळणारे दोन पुरुष आयुष्यभर एकमेकांच्या सोबतीने राहतात, एकमेकांवर प्रेम करतात, एवढीच गोष्ट. तिच्या स्वतःच्या देशात लोक ती विसरूनच गेले होते. पुढे कोणीतरी ती शोधून पुन्हा छापली आणि इंग्रजीतली एक प्रत फिरत फिरत सुधाच्या हाती लागली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा ठाण्याला वर्तकनगरात राहायचो. सुधा आजारी होती, पण रोज दुपारी खिडकीशी बसून भाषांतर करायची. तिला एकच धास्ती होती. “हे दोघं मला खरंच कळलेत ना? की मी आपली बाहेरून डोकावून लिहितेय?”

मी काय सांगणार? पुस्तक छापून आलं तेव्हा ती नव्हती. मग मी भेटेल त्या वाचकाला विचारत सुटलो, “कसं वाटलं?”

*

पहिले वाचक आमचे प्रकाशक, वसंतराव. भला माणूस. मलपृष्ठावर त्यांनी लिहिलं, ‘दोन मित्रांच्या निखळ मैत्रीची हृद्य कहाणी.’

मी म्हटलं, “वसंतराव, ते नुसते मित्र नाहीत.”

“माहितेय मला. प्रुफं मीच वाचलीत.”

“मग?”

“अहो, मलपृष्ठ विकत घेणाऱ्यासाठी असतं. आतलं वाचणाऱ्यासाठी. आत मी एक शब्द तरी हलवलाय का?”

नव्हता हलवला.

*

डोंबिवलीच्या एका वाचनालयात पुस्तक ‘सागरी साहस’ या कपाटात ठेवलेलं दिसलं. वादळं, जहाजं, समुद्री चाचे आणि त्यांच्या मधोमध आमचे हे दोघे. ग्रंथपाल बाई होत्या. मी ओळख सांगितली आणि चूक दाखवून दिली.

“चूक नाही,” त्या म्हणाल्या. “वाचूनच ठेवलंय. सामाजिक विषयांच्या कपाटाकडे कोणी फिरकत नाही. इथून रोज पुस्तकं जातात.”

“आणि वाचून कोणी तक्रार केली तर?”

“एकाने केली ना. म्हणाला, यात साहस कुठेय? मी म्हटलं, पुन्हा वाचा.”

*

आता नलिनीचा किस्सा. नलिनी म्हणजे सुधाची धाकटी बहीण. डोंबिवलीत राहते, स्वभावाने कडक. सुधा गेल्यानंतरच्या संक्रांतीला तिने ठरवलं की हळदीकुंकवाला वाण म्हणून ताईचंच पुस्तक लुटायचं. प्लास्टिकच्या डब्या काय सगळेच देतात. वसंतरावांकडून तिने गठ्ठा उचलला. मलपृष्ठ वाचलं, निखळ मैत्री, झालं. आत उघडून बघितलं नाही. अख्ख्या सोसायटीतल्या बायका तिळगुळाबरोबर पुस्तक घेऊन गेल्या.

चार दिवसांनी फोन. “भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत? मी काल वाचलं. मी सुवासिनींना हळदीकुंकू लावून हे दिलंय!”

मग ती घरोघर पुस्तकं परत मागायला निघाली. सांगायला कारण तयार होतं, बांधणी खराब आहे, बदलून देते. पण एकीनेही पुस्तक दिलं नाही. पहिली म्हणाली, अगं, दिलेलं वाण कधी परत घेतात का? दुसरी म्हणाली, सासूबाई वाचतायत, त्यांचं होऊ दे. तिसरीने दारातूनच सांगितलं, “बांधणी चांगली आहे. माझं दोनदा वाचून झालं.”

नलिनी घरी येऊन स्वस्थ बसली. संध्याकाळी मला पुन्हा फोन केला.

“भाऊजी, शेवट वाचताना मला रडू आलं. पण हे कोणाला सांगू नका.”

*

कल्याणच्या एका वाचक मंडळाने पुस्तकावर चर्चा ठेवली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते. भाषांतराची स्तुती करून ते मुद्द्यावर आले. हे सगळं तिकडचं, थंड देशांतलं. आपल्या समाजात, आपल्या कुटुंबांत हे कधीच नव्हतं. हे त्यांनी बऱ्याच प्रकारे सांगितलं.

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी स्वेटर विणत बसल्या होत्या. सुईवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “अहो, आणि तुमचे माधवमामा?”

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. कार्यवाहांनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं.

*

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहणाऱ्या एक शिक्षिका एका लग्नात भेटल्या. त्यांनी पुस्तक वाचलं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“सर, सगळं पटलं. एक नाय पटलं.”

मी सावध झालो.

“एवढी वर्षं एका छपराखाली, रोज मासळी, आणि ती साफ कोण करणार यावरनं एकदाही भांडण नाय? माझ्या घरात रोज होतं.”

“बाकी?”

“बाकी काय, नवरा-बायकोचंच आहे ना ते. त्यात काय विचारायचं?”

सुधा हे ऐकून खूश झाली असती. पण तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. या बाईही तिच्यासारख्या बाहेरूनच बघणाऱ्या.

*

शेवटचा किस्सा एका रविवारच्या सकाळचा. दार वाजलं. पन्नाशीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं आमचं पुस्तक. कल्याणहून आलो म्हणाले. नाव कुलकर्णी.

“बाई आहेत का?”

बाई गेल्याचं मी सांगितलं. ते ओशाळले, पण गेले नाहीत. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

“मग तुम्हालाच विचारतो. आमच्याबद्दल त्यांना कोणी सांगितलं?”

मला कळेना. त्यांनी पुस्तक उघडून एक पान पुढे केलं. तपासणीची बोट दिसली की ते दोघे घाईघाईने दुसरी खाट मांडतात, तिच्यावर अंथरूण घालतात आणि कोणीतरी झोपून उठल्यासारखी चादर चुरगाळून ठेवतात, तो प्रसंग.

“माझी बहीण नागपूरहून राहायला येते, तेव्हा आम्ही हेच करतो,” ते म्हणाले. आवाज शांत होता. “चादरीचं आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. नावं परदेशी घातली म्हणून काय झालं? हे डोंबिवलीत, कल्याणात, सगळीकडे वाचतायत. मला बँकेत अजून नोकरी करायचीय. नाव सांगा. कोण बोललं?”

मी उठलो, कपाटातून सुधाची इंग्रजी प्रत काढली आणि तो प्रसंग शोधून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पहिल्या पानावर जाऊन मूळ पुस्तकाचं साल बघितलं.

“हे तर आमच्या जन्माच्याही आधीचं आहे.”

“हो.”

“म्हणजे बाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं.”

“नाही.”

त्यांनी प्रत मिटून मांडीवर ठेवली. मी पाणी आणून दिलं. ते प्यायले, पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“खाली रिक्षात अशोक बसलाय,” ते म्हणाले. “मीटर चालू आहे. त्याला वर बोलावलं तर चालेल का?”