टबातला निळा स्वेटर

आमच्या गल्लीत घरातला माणूस समुद्रावर निघाला, की त्या दिवशी कपडे धूत नाहीत. धुतले तर तो वाहून जातो. ग्रिम्सबीसारख्या इंग्लंडातल्या कोळ्यांच्या बंदरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी शेजारीण फ्लॉरी कॉटम तर याबाबत सगळ्यांत कडक. कुणी हातरुमाल भिजवला तरी दारात येऊन चार शब्द सुनावणार. त्यामुळे पुढे तिच्यावरच वेळ आली तेव्हा काही बायकांना आतून बरं वाटलं. नावं घेत नाही.

तिचा वॉल्टर 'एडिथ मॅरो'वर बॉयलरला कोळसा घालायचा. वाफेवर चालणारी ती मासेमारी बोट म्हातारी झाली होती. महायुद्धात तिने समुद्रातले सुरुंग काढले, नंतर वर्षानुवर्षं आइसलंडहून कॉड मासा आणला. सगळी गंजलेली, पण वॉल्टरचा तिच्यावर जीव.

"खोकते, पण थांबत नाही," तो म्हणायचा.

"मग तिच्याशीच लग्न करायचं होतंस," फ्लॉरी म्हणायची.

त्या फेब्रुवारीत बोट मंगळवारी सुटणार होती. म्हणून सोमवारी फ्लॉरीने टब भरून सगळे कपडे भिजवले. तेवढ्यात कंपनीचा माणूस दारात. "कोळसा लवकर भरून झाला. आजच्याच भरतीला निघायचंय."

फ्लॉरीने वॉल्टरचा हात धरला. "आज नको जाऊस रे. पोटात दुखतंय म्हणून सांग."

"आणि मग मला कामावर कोण घेणार, तुझा बाप?" वॉल्टरने टबातून आपला निळा स्वेटर काढला, पिळला आणि ओलाच पिशवीत कोंबला. "बॉयलरवर वाळेल. रडू नकोस, वेडे."

बर्फाच्या वादळात बोट आइसलंडच्या खडकांवर फुटली. दोघेच वाचले.

फ्लॉरीला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. ती दुकानात आली की बोलणं थांबायचं, एवढंच. तीच म्हणायची, "मीच त्याला धुवून टाकलं." त्या दिवशीचे कपडे तिने ओलेच ट्रंकेत टाकले आणि पुन्हा टबाला हात लावला नाही. धुणं बहिणीकडे जायचं. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

उन्हाळ्यात, वाचलेल्यांपैकी एक, सिड लोफ्टस तिच्याकडे आला. मी तिथेच होते. त्याने कागदातून निळा स्वेटर काढला, मिठाने ताठ झालेला.

"मिसेस कॉटम, मी डेकवर गारठलो होतो. वॉल्टरने हा मला दिला. म्हणाला, 'घाल लेका, बायकोने नुकताच धुतलाय.' मग बोट आपटली. बॉयलर फुटू नये म्हणून तो भट्टीतले निखारे बाहेर ओढायला खाली गेला, तो गेलाच. हा अंगावर नसता तर लोकांनी किनाऱ्यावरून सुटकेची दोरी फेकली तेव्हा ती धरायला मी जिवंत नसतो."

फ्लॉरीने स्वेटर कुरवाळला. "धुतलाय म्हणाला? चिडून?"

"छे हो. ऐटीत."

पुढच्या आठवड्यात बोटी सुटल्या, माझ्या नवऱ्याची, हॅरीचीही. त्याच सकाळी फ्लॉरीने अंगणात टब काढला. ट्रंकेतले बुरशी आलेले कपडे आणि तो स्वेटर, सगळं सगळ्यांदेखत धुतलं. गल्लीतल्या खिडक्या धाडधाड बंद झाल्या. मला तर वाटलं, जाऊन टब उलटा करावा.

दोरीवर कपडे घालताना तिला चिमटे कमी पडले. मी माझे नेऊन दिले.