धामणीची धनुकली

गोफण फिरवण्याइतकं सोपं काम नाही, असं पुरुषांनीच म्हणावं. पाचव्या महिन्याचं पोट घेऊन शेतातल्या माळ्यावर उभं राहायचं आणि डोक्यावरून गोफण गरगरवायची, हे त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

एकाहत्तर साली आमचं घर कडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर होतं. मालक फौजेत, सासरे गुडघ्यांनी जागेवर बसलेले, सासूबाई दिवसभर गुरांमागं. त्या साली शाळूवरची पाखरं राखायला मीच जाणार, हे सांगायला जोशी नको होता. मालक आषाढात आठवडाभर येऊन गेले, तेव्हा मला दिवस राहिले होते. दसऱ्याला ते दोन महिन्यांच्या रजेवर आले आणि मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. माझी जीभ तेव्हाही धारेचीच होती.

"मी गोफण फिरवायची न्हाई. पाखरं खाऊ द्यात सगळा शाळू."

"बरं," ते हसून म्हणाले. "गोफणीबिगर बघू."

सासऱ्यांनी गाडीसाठी पाटणच्या बाजूनं धामणीचं लाकूड आणलं होतं. त्यातला एक तुकडा गोठ्यामागं उरला होता. धामण चिवट, वाकते पण मोडत नाही. मालकांनी करवत घेतलीच नाही. कुऱ्हाडीनं एका टोकाला भेग पाडली, तीत बाभळीची पाचर ठोकली, तिच्या पुढं दुसरी.

"करवत लाकडाचं ऐकत न्हाई," ते म्हणाले. "असं फोडलं की ते आपल्या रेषेनं फाटतं. मग वाकवलं तरी तुटत न्हाई."

पण मधे जुन्या फांदीची जागा निघाली आणि फाट तिरकी गेली. हाती लागली ती आखूड चिरफळी, उभी केली तर माझ्या छातीला लागेल एवढी.

"एवढीशीच?"

"तू तरी कुठं लय उंच हायस? जोडा जमतुया."

मग ते घरापुढच्या सोप्यात बसून ती तासू लागले. आधी सुताराच्या वाकसानं, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं. थोडं खरवडलं की गुडघ्यावर हलकेच वाकवून बघायचे, दोन्ही अंगं सारखी वाकतात का. जे अंग ताठ वाटेल तिथं पुन्हा काच. शेवटी करडीचं तेल चोळलं. अंबाडीच्या वाखाची दुहेरी दोरी वळली आणि तिच्या मधोमध कातड्याची टीचभर झोळी बसवली. अशी ती धनुकली, बाणाऐवजी त्या झोळीत मातीची वाळवलेली गोळी धरून सोडायची. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण हा माणूस हसतो कसा, कुठल्या गोष्टीत रमतो, हे मला त्या सोप्यात कळलं. मी सुखात होते.

"एक ध्यानात ठेव," ते मला नेम शिकवताना म्हणाले. "राखण झाली की दोरी उतरवायची. ताणून ठिवलं की लाकडाला वाकायची सवय लागती. मग ते जीव सोडतं."

दिवाळी होऊन गेली होती. असंच एका सकाळी अंगणात आमचं शिकणं चाललं असताना पोस्टमन तार घेऊन आला. रजा रद्द झाली होती. दुपारची एसटी गाठायची म्हणून एकच धांदल उडाली. मालकांनी धनुकली सोप्यातल्या खुंटीला अडकवली आणि ट्रंक भरायला घेतली.

ते गेल्यावर माझं लक्ष गेलं. दोरी चढवलेलीच होती. मी हात घातला, तोच सासूबाई दारातून ओरडल्या.

"हात लावू नगंस! त्याच्या हातानं चढलीया, त्याच्याच हातानं उतरंल."

"आवं आत्याबाई, लाकूड मरंल."

"मरू दे लाकूड."

असलं शास्त्र कुठल्या पोथीत नाही, सासूबाईंनी ते उभ्या उभ्या रचलं होतं, हे मला कळत होतं. पण पुढं रेडिओवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि माझाही हात खुंटीकडे जाईना. मी दोरी उतरवायची आणि दुसरी तार यायची, मग जन्मभर कुणाला तोंड दाखवणार? आम्ही दोघी भिंत सारवायचो ती खुंटीभोवतीची जागा सोडून. माळ्यावर मी रॉकेलचा डबा बडवत उभी राहिले. पाखरांनी पोटभर शाळू खाल्ला.

लढाई संपली. खुशालीचं कार्ड आलं. मी आष्ट्याला माहेरी बाळंत झाले, मुलगी झाली. तिला घेऊन वैशाखात परतले आणि आठवड्याभरात मालक रजेवर आले. हातपाय धड होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि चुलीपाशी माझ्या हातून तांब्या पडला तर ते भिंतीला टेकून खाली बसले. लेकीला घेतलं, लगेच परत दिलं. या माणसाला मी ओळखत नव्हते.

मग त्यांनी खुंटीकडे बघितलं.

"उतरवली न्हाईस?"

"तुझ्यासाठी ठिवली रं," सासूबाईच मोठ्या अभिमानानं म्हणाल्या. "कुणाला हात लावू दिला न्हाई."

त्यांनी धनुकली काढली, दोरी टोकावरून सरकवली. आम्ही बघत होतो. दोरी लोंबली, पण लाकूड वाकलेलं होतं तसंच राहिलं. त्यांनी ते गुडघ्यावर उलटं दाबून बघितलं.

"हिच्यात आता जोर न्हाई," ते म्हणाले आणि धनुकली परत खुंटीला अडकवली. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. सासूबाईंचा मला इतका राग आला की रडू फुटलं.

"पण तू आलास न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

ते अंगणात निघून गेले.

रजा संपायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मुलीसाठी जपून ठेवलेला काळा करदोडा बाहेर काढला. बापानंच बांधावा म्हणून त्यांनी तो इतके दिवस कुणाला बांधू दिला नव्हता. मालकांनी तो बोटांत फिरवला आणि माझ्या हातात ठेवला.

"तू बांध."

"आवं, तुमीच बांधायचा हाय. आत्याबाई कवाच्या थांबल्यात."

"माझ्या हातचा नगं. मागनं तुमी तो सोडायच्या न्हाई, आणि पोर तर वाढणार."

सासूबाई उठून गोठ्याकडे गेल्या. मी पोरीच्या कमरेला करदोडा बांधला. मालकांनी वाकून दोन बोटं आत घालून बघितली.

"आणखी सैल," ते म्हणाले.